क्लेवाल्या वहिनी

घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. म्हणजे माणसांची लक्षणं सांगायचा हक्क जालना जिल्ह्याकडे वडिलोपार्जित चालत आला आहे. समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणं दिली, पढतमूर्खांची वेगळी दिली. क्लेवाल्या वहिनींची तेवढी राहून गेली. त्यात समर्थांचा काही दोष नाही, त्या काळी पॉलिमर क्ले नव्हती.

वहिनी तुम्ही नक्की पाहिल्या असतील. नव्या जालन्यात त्या उघडपणे नांदतात, जुन्या जालन्यात जराशा दबून. उजव्या हाताच्या एखाद्या नखात कायम निळा नाहीतर किरमिजी रंग असतो, पण खरी ओळख पटते ती नजरेवरून. तुम्ही त्यांच्या घरी जेवायला बसलात की वहिनी तुमच्या ताटाकडे टक लावून बघतात. तुम्हाला वाटतं, भाजी वाढायची आहे. त्यांच्या डोक्यात चाललेलं असतं की वरणावरच्या तुपाची ही चकाकी पाऊण इंचाच्या वाटीत कशी आणावी. या घरातले नेहमीचे पाहुणे भजं उचलण्याआधी हळूच दाबून बघतात. नवे पाहुणे दाबत नाहीत आणि मग दाताच्या डॉक्टरांचा पत्ता विचारतात.

नावात क्ले असली तरी ही माती नव्हे. नळाचे पाइप ज्याचे होतात ते पीव्हीसी, त्यात मऊपणा आणणारं तेलकट द्रव्य आणि रंग, अशी तिची घडण. पाण्याचा एक थेंब लागत नाही. नळाच्या पाण्याची वाट बघण्यात आयुष्य गेलेल्या शहरात ही कला रुजावी हे ओघानंच आलं. पीव्हीसीतून पाणी नाही तर नाही, निदान गुलाबाची फुलं तरी. योगायोग असा की १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी काढली आणि त्याच साली जर्मनीत काथे क्रूझ या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंच्या मुलीनं आपली क्लेची कृती एबरहार्ड फाबर कंपनीला दिली. तीच पुढं फिमो या नावानं जगभर गेली. जालन्याचं बियाणं देशभर गेलं आणि जर्मनीचा गोळा वहिनींच्या ओट्यावर आला.

यजमान एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात आहेत. तिथं भंगार वितळवायला भट्टी सोळाशे अंशांवर तापते आणि ते तिच्यासमोर निवांत उभे राहतात. घरी ओटीजी एकशे तीस अंशांवर असला की मात्र ते चपला काढून, पाय न वाजवता आत येतात. "दार उघडू नका हं, अजून दहा मिनिटं आहेत," असं आतून येतं आणि हा पोलादी माणूस सोफ्याच्या कडेला टेकून बसतो. वहिनींचा मुद्दा बरोबरच आहे. ही क्ले एकशे दहा ते एकशे तीस अंशांत भाजायची. कमी पडली तर फूल हातात मोडतं. फार झाली तर आधी करपते आणि मग असा झोंबरा धूर निघतो की शेजारचे खिडक्या लावतात. त्यातून मधेच वीज गेली, तर वहिनींच्या तोंडून महावितरणबद्दल जे निघतं ते समर्थांच्या जिल्ह्यात छापता येत नाही.

उन्हाळ्याचं दुखणं निराळंच. ही क्ले उन्हात नुसती पडून राहिली तरी घट्ट होऊ लागते. मे महिन्यात पारा बेचाळिसावर असताना पुण्याहून निघालेलं पार्सल कुरिअरच्या गाडीत तापत येतं आणि वहिनींच्या हाती पडेपर्यंत निम्मं भाजलेलं असतं. पांढऱ्या गोळ्याची तर बारा महिने तऱ्हा. घरातला प्रत्येक केस, प्रत्येक धूलिकण आधी त्याला जाऊन चिकटतो. वहिनी पांढरं काम करायला बसल्या की पंखा बंद, केस पदराखाली आणि मुलांना आजोळी पाठवण्याची भाषा.

सासूबाईंचं आणि क्लेचं भांडण तत्त्वाचं आहे.

"अगं, माझा सोऱ्या कुठंय?"

"आई, तो आता खाण्याला लावायचा नाही. क्लेला लागलेलं भांडं परत स्वयंपाकात घ्यायचं नसतं."

"मग चकल्या कशानं पाडू?"

"मी करून ठेवल्यात की. फ्रिजवर बघा."

फ्रिजवर खरंच चकल्या असतात. करंज्या, शंकरपाळे, बेसनाचा लाडूही असतो, लाडवावर बेदाणा असतो आणि सगळ्यांच्या पाठीला लोहचुंबक असतं. सोऱ्यापाठोपाठ पोळपाट गेलं, मग शेवयांचं मशीन. सासूबाईंनी पुरणयंत्र तेवढं कपाटात कुलपात ठेवलं आहे.

पण वहिनींची मोसंबी बघावी. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते झाडावरच्या फळाला. वहिनींच्या मते समितीनं त्यांच्याकडेही यायला हवं होतं. आधी अर्धपारदर्शक क्लेत पिवळ्याची चिमूट मिसळून फाकीच्या आकाराच्या लांब पट्ट्या करायच्या. प्रत्येकीला पांढऱ्याचा पातळ पापुद्रा, सगळ्या गोल जुळवून वर पांढरा थर, त्यावर पिवळसर हिरवी साल. मग ही जाड वळकटी चारी बाजूंनी दाबत, लोळवत ओढत जायचं, ती पेन्सिलीहून बारीक होईतो. आतलं चित्र न मोडता लहान लहान होत जातं. शेवटी दाढीच्या पात्यानं कापलं की प्रत्येक चकतीत अख्खी मोसंबी, फाकीसकट. सालीवरची बारीक छिद्रं जुन्या टूथब्रशनं. बदनापूरकडच्या दिरांची खरी बाग आहे, २०१२-१३च्या दुष्काळात टँकर लावून जगवलेली. ते ही चकती हातात घेऊन म्हणतात, "वहिनी, ह्याला भाव काय?" कानातल्यांच्या जोडीची किंमत ऐकली की बराच वेळ बोलत नाहीत.

या कलेला दरबार लागतो आणि तो भिशीत भरतो. तिथं एक क्विलिंगवाली आहे, एक मॅक्रमेवाली, एक रेझिनवाली आणि एक कुंदनाची रांगोळी करणारी, जी बाकीच्यांना मनातून नवशिक्या समजते. पैसे गोळा होतात, ढोकळा फिरतो, मग पिशव्यांतून डबे निघतात. तिथली सर्वोच्च पदवी म्हणजे "अगं, अगदी विकतचं वाटतंय!" ही मिळाली की वहिनी आठवडाभर तरंगतात. गंमत पुढं आहे. तीच बाई पुढच्या महिन्यात भाचीच्या लग्नाचं रुखवत सांगायला येते, किंमत ऐकते आणि म्हणते, "अगं, घरीच तर करतेस ना?" दाखवताना विकतचं आणि घेताना घरचं, या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत महाराष्ट्रातल्या सगळ्या हस्तकलेचा धंदा अडकून पडला आहे.

तरी एक सांगतो, या बायका ज्ञान लपवत नाहीत. नव्या मुलीची पाकळी तडकली की चौघी एकदम बोलू लागतात. मळणं कमी पडलं असेल, हातांची ऊब लागू दे, भाजताना खाली साधी फरशी ठेव, बोटांचे ठसे जायला बेबी ऑइल लाव. मोठमोठ्या घराण्यांचे उस्ताद आपली चीज शिष्याला सांगायला वर्षं लावतात. इथं ढोकळा संपायच्या आत गुरुमंत्र मिळतो. गुप्त राहतो तो फक्त कच्चा माल घेण्याचा भाव. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वहिनी स्वतः केलेले तिळगुळाचे दाणे लुटतात, चुंबक लावलेले. गेल्या संक्रांतीपासून त्यावर "खाऊ नये" अशी चिठ्ठी असते.

कुणी हे रिकामपणाचे उद्योग म्हटलं की माझं डोकं फिरतं. याच जिल्ह्यातलं भोकरदन सातवाहनांच्या काळात भोगवर्धन होतं. १९७३ साली तिथं उत्खनन झालं तेव्हा मणी निघाले, मातीच्या मूर्ती निघाल्या आणि हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती निघाली. तिच्याशी फार जुळणारी मूर्ती १९३८ साली थेट इटलीत, पाँपेईच्या राखेत सापडली होती. तीही आपल्याकडूनच गेली असावी असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे हातभरसुद्धा नसलेल्या वस्तूवर महिने घालवणारे लोक इथं दोन हजार वर्षांपासून आहेत. त्यांनाही घरच्यांनी "जेवायला काय आहे?" हेच विचारलं असणार.

तेव्हा रुखवत करून हवं असेल तर दीड महिना आधी सांगा. लग्न मे महिन्यातलं असेल तर क्ले फेब्रुवारीतच मागवायला लावा. निम्मे पैसे आगाऊ द्या. आणि किंमत कितीही वाटली तरी, कृपा करून, "मातीचंच तर आहे" असं म्हणू नका. एक तर ती माती नाही आणि दुसरं म्हणजे वहिनींच्या हातात तेव्हा दाढीचं पातं असतं.