उघड्या कॅबिनेटचे खटपटे

नीट चालणारा कॉम्प्युटर दिसला की खटपट्यांचा चेहरा पडतो. "काही त्रास नाही ना?" ही चौकशी ते फार आशेनं करतात. समोरचा म्हणाला, "नाही काका, मस्त चाललाय," तर ते "बरं बरं" म्हणत चहा अर्धा टाकून उठतात. पण "मधूनच हँग होतो हो" एवढं कानावर पडलं की त्यांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे जातो. लोकांच्या त्या खिशात पेन असतं. खटपट्यांच्या खिशात चुंबकी टोकाचा स्क्रू ड्रायव्हर असतो.

दारावरच्या पाटीवर आडनाव वेगळंच आहे, पण सोसायटीत त्यांना खटपटेच म्हणतात. आमच्याच कशाला, पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत असा एक गृहस्थ निघतोच. वय साठीकडे झुकलेलं आणि नोकरी बँकेत, विमा कंपनीत नाहीतर महापालिकेत, म्हणजे जिथे कॉम्प्युटरला हात लावायचा तर आधी अर्ज करावा लागतो अशा ठिकाणी. गंमत अशी की हिंजवडीला जाणारी, कॉम्प्युटरवरच पोट असलेली सोसायटीतली पोरं घरचा डबा बंद पडला की खटपट्यांनाच फोन करतात. "काका, माझं सॉफ्टवेअर. हे हार्डवेअरचं तुम्हीच बघा." खटपटे हे वाक्य दिवसभर पुरवून खातात.

त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरला डाव्या बाजूचा पत्रा नाही. म्हणजे आहे, पण तो पलंगाखाली आहे. "परत उघडायचाच आहे, मग लावायचा कशाला?" हा त्यांचा युक्तिवाद. आजवर कॅबिनेटं कितीतरी बदलली, पत्रा काढून पलंगाखाली सरकवायची रीत मात्र बदलली नाही. तिथे आता निरनिराळ्या मापांचे पत्रे साठलेत आणि झाडायला येणाऱ्या मावशींनी त्या भागावर कायमचं पाणी सोडलंय.

ही सवय लागली ती सेलेरॉन ३००ए नावाच्या प्रोसेसरपायी. इंटेलनं १९९८ मध्ये काढलेला हा स्वस्तातला प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झचा. पण बोर्डाचा बस स्पीड ६६ वरून १०० केला की तोच गडी बहुतेक वेळा ४५० वर पळायचा. दीडपट वेग आणि जास्तीचा एक पैसा नाही! मध्यमवर्गीय मराठी माणसाला याहून मोठा साक्षात्कार व्हायचा तो कुठला? खटपट्यांनी त्या रात्री सगळं घर उठवून तो आकडा दाखवला. मग प्रोसेसर तापू लागला, म्हणून पत्रा काढला. तेवढ्यानं भागेना, म्हणून मुलांच्या खोलीतला टेबल फॅन आणून कॅबिनेटसमोर लावला. ऐन एप्रिलात मुलं घामाघूम होऊन झोपली, पण सेलेरॉनला झळ लागली नाही. आणि या ४५० मेगाहर्ट्झवर खटपटे करत काय? दुधाचा हिशोब. एक्सेलमध्ये महिन्याच्या तीस ओळी आणि खाली बेरीज. फुरसत मिळाली तर सॉलिटेअर.

त्यांना हे विचारायची सोय नाही. विचारलंत तर ते थेट राष्ट्रीय पातळीवर जातात. "अमेरिकेनं आपल्याला क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला, तेव्हा काय केलं आपण? हातावर हात ठेवून बसलो? इथेच, पुण्यात, सी-डॅकनं १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. चौसष्ट प्रोसेसर एकमेकांना जोडून!" त्या जोडण्यात आपलाही खारीचा वाटा असल्यासारखे ते थोडा वेळ गप्प बसतात. एकूण, दुधाच्या हिशोबाला ग्राफिक्स कार्ड कशाला, हा प्रश्न विचारणारा माणूस देशाच्या स्वावलंबनाच्या आड येतो.

आता अपग्रेड. त्यांच्या शब्दकोशात याचा अर्थ एकच: एक वस्तू आणायला जाणं. मागे एकदा ते रॅम वाढवायला म्हणून कॉम्प्युटरच्या सामानाच्या दुकानांत, तपकीर गल्लीत गेले. आठ जीबीची सोळा करायची, एवढाच बेत. कॉम्प्युटरमध्ये होती डीडीआर थ्री. आणली डीडीआर फोर. चुकून नाही, समजून उमजून. "थ्रीचे दिवस भरले आता. फोर पुढच्या बोर्डाला होईल." डीडीआर थ्रीच्या पट्टीला २४० पिना, फोरला २८८, मधली खाच वेगळ्या जागी, म्हणजे आणलेली रॅम घरातल्या बोर्डात बसणं शक्यच नव्हतं. एक आठवडा ती पट्टी टीव्हीशेजारी नुसती पडून होती. घरात आणलेली चीज वाया जाऊ द्यायची नाही हे संस्कार, त्यामुळे तिला बोर्ड आणला. बोर्डाला जुना प्रोसेसर बसेना, म्हणून प्रोसेसर आणला. नव्या बोर्डाला प्रोसेसरच्या विजेसाठी आठ पिनांचं सॉकेट, जुन्या एसएमपीएसला चारच पिनांची वायर, एसएमपीएस आला. हे सगळं मिळून जुन्या कॅबिनेटमध्ये मावेना, म्हणून कॅबिनेट आलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणावं, तर इथे कोंबडीही मसाल्यासाठीच आणलेली.

काम झाल्यावर जमिनीवर काय उरलं? जुना बोर्ड, जुना प्रोसेसर, जुनी रॅम, जुना एसएमपीएस, जुनं कॅबिनेट. खटपट्यांनी त्या ढिगाकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की हा तर अख्खा कॉम्प्युटर आहे. एका हार्ड डिस्कपायी अडलंय! दुसऱ्या दिवशी एसएसडी आली. अशा रीतीनं रॅमची एक पट्टी वाढवायला निघालेला माणूस दोन कॉम्प्युटरांचा धनी झाला, आणि दोन्हींत रॅम आठ-आठ जीबी.

"अहो, सोळा करणार होतात ना?" काकूंनी विचारलं.

"मग? एकूण सोळा झाली की!"

काकूंनी खर्चाचं विचारलं तेव्हा त्यांनी रॅमची किंमत सांगितली. तेवढीच. ते खोटं कधी बोलत नाहीत.

जोडणीचा प्रसंग बघण्यासारखा असतो. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर बोर्ड. मोठी कामं, म्हणजे प्रोसेसर ठेवणं, त्यावर साबुदाण्याएवढी थर्मल पेस्ट घालणं, वर पंखा आवळणं, ती ते लीलया करतात. घोडं अडतं ते शेवटच्या चार बारक्या वायरींपाशी. कॅबिनेटच्या पुढच्या बटणाची, रीसेटची, दोन दिव्यांची. बोर्डाच्या कोपऱ्यात या वायरींसाठी टाचणीच्या टोकासारख्या पिना असतात आणि शेजारी त्यांची नावं छापलेली असतात, पण इतक्या बारीक मापात, की वाचायला चाळिशी पुरत नाही. मग मुलगा मोबाइलचा टॉर्च धरतो. "इकडे नाही, तिकडे. तिकडे नाही रे, माझ्या हाताची सावली पडतेय." याच वेळी एक स्क्रू सुटतो, टण्ण वाजतो आणि बोर्डाच्या खाली जातो. सगळं पुन्हा उचलून, हलवून तो बाहेर काढायचा. निघतात दोन. दुसरा कुठला, ते आजवर कुणालाही कळलेलं नाही.

मग बटण दाबायचं. पंखे फिरतात, दिवा लागतो, स्क्रीन काळाच, आणि छोट्या स्पीकरमधून लांब भोंगा. इथे काकूंचं कर्तृत्व दिसतं. इतकी वर्षं भिंतीपलीकडे हे आवाज ऐकून त्यांचा कान तयार झालाय. मटार सोलता सोलता त्या स्वयंपाकघरातून सांगतात, "रॅम नीट बसली नाहीये तुमची." एक लांब, दोन आखूड वाजलं तर, "कार्ड बघा, डिस्प्लेचं." त्यांनी कॉम्प्युटरला कधी बोट लावलेलं नाही. निदान मात्र एकदाही हुकलेलं नाही. खटपटे "हो, तेच बघतोय" म्हणतात आणि रॅम काढून खोडरबर मागतात.

खोडरबर हा आपल्याकडच्या कॉम्प्युटर दुरुस्तीतला रामबाण. पट्टीच्या सोनेरी पिनांवर मळ बसतो, रबरानं हलक्या हातानं घासला की निघतो, आणि मेलेला कॉम्प्युटर उठून बसतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या तपकीर गल्लीपर्यंत हे शास्त्र चालतं. मोठमोठ्या कंपन्यांचे जाणकार यावर नाक मुरडतात. पण मोठमोठ्या कंपन्यांचे जाणकार रविवारी दुपारी घरी येत नाहीत. खटपट्यांच्या मुलांच्या शाळेच्या वह्यांत मात्र खाडाखोड फार असायची, कारण परीक्षेच्या आदल्या रात्री रबर हमखास रॅमच्या कामाला गेलेलं असायचं.

खटपट्यांना तत्त्वज्ञानही आहे. इंटेलच्या गॉर्डन मूरनं १९६५ मध्ये मांडलं, आणि १९७५ मध्ये थोडं बदलून सांगितलं, की चिपवरच्या ट्रान्झिस्टरांची संख्या दर दोन वर्षांनी साधारण दुप्पट होत जाईल. तर निकलाउस विर्थ या स्विस संगणकतज्ज्ञानं १९९५ मध्ये लिहिलं, की हार्डवेअर जितक्या झपाट्यानं वेगवान होतंय, त्याहून झपाट्यानं सॉफ्टवेअर मंद होतंय. खटपटे या दोघांना जमा आणि खर्च अशा दोन रकान्यांत बसवतात. विंडोज ९८ ला किमान १६ एमबी रॅम लागायची, विंडोज ११ ला किमान ४ जीबी. २५६ पट. "आणि दूध तेवढंच, रोज एक लिटर!" ते कळवळून म्हणतात. हा हिशोब त्यांच्या तोंडून ऐकल्यावर वाटतं, की आता हा माणूस अपग्रेडचा नाद सोडणार. पण ते पुढे म्हणतात, "म्हणून म्हणतो, ३२ करून टाकावी."

त्यांना खरा दगा दिला तो लॅपटॉपनं. मुलीनं बंगळुरूहून मोठ्या प्रेमानं एक पातळसा लॅपटॉप पाठवला. बाबांनी आधी तो चालू करावा अशी तिची अपेक्षा. बाबांनी आधी तो उलटा केला. तळाला चांदणीच्या आकाराचे स्क्रू. त्यासाठी खास बिट आणले, तळ उघडला, आणि पाहतात तर रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली. अॅपलनं २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये हे केलं, आणि पुढे पातळ लॅपटॉपांत ती सर्रास चाल झाली. जेवढी घेतली तेवढीच, मरेपर्यंत. खटपट्यांनी तळ बंद केला. "चांगला आहे," ते फोनवर मुलीला म्हणाले, "पण यात आपल्याला करण्यासारखं काही ठेवलेलं नाही." तो लॅपटॉप आता काकू वापरतात. त्यात काही बिघडत नाही, कारण त्याला कुणी हात लावत नाही, हे काकू मुद्दाम मोठ्यानं सांगतात.

पण देव दयाळू आहे. विंडोज ११ आली, आणि तिनं टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मागितली. शिवाय साधारण २०१७ च्या आधीचे प्रोसेसर यादीतूनच उडवले. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दिवाळी आठवड्यावर आलेली, घरोघर माळे आवरणं चाललेलं, आणि सोसायटीतल्या अर्ध्या घरांचे चांगले चालते कॉम्प्युटर एकदम भंगारात निघाले. खटपटे रोज संध्याकाळी लिफ्टपाशी उभे राहून ते ताब्यात घेत. लोक सुटकेच्या भावनेनं देत, हे कृतज्ञतेनं घेत. काहींना त्यांनी लिनक्स टाकून परत दिले. ते उत्तम चालले, फक्त प्रिंटर चालले नाहीत. त्यामुळे खटपट्यांचे पुढचे रविवार रिकामे गेले नाहीत.

वर्ष संपता संपता आणखी एक नवल घडलं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. माळ्यावरच्या सुट्या भागांच्या ज्या बरण्यांना काकू आजवर अडगळ म्हणत आल्या, त्यांतल्या डीडीआर फोरच्या पट्ट्यांना अचानक मोल आलं. ही बातमी खटपट्यांनी टीव्हीवर ऐकली आणि आवाज वाढवला. काकूंनीही ऐकली. त्या व्यवहारी. "मग विकून टाका की आत्ताच. माळाही मोकळा होईल."

खटपट्यांना नाही म्हणायला जागा उरली नाही. त्यांनी बरण्या खाली उतरवल्या, पट्ट्या ओळीनं मांडल्या, एकेक रबरानं पुसली. मग थांबले.

"अशी कशी विकायची? गिऱ्हाइकाला टेस्ट करून द्यायला नको? उद्या एखादी खराब निघाली तर नाव कुणाचं जाईल?"

"करा मग टेस्ट."

"करतो. पण या स्पीडच्या पट्ट्या आपला बोर्ड दाबून चालवतो. पूर्ण टेस्ट व्हायची तर जरा वरचा बोर्ड लागेल," खटपटे चपला घालत म्हणाले, "एकच वस्तू आणायचीय. जाऊन येतो तपकीर गल्लीत."