खरं सांगू का, आजीबाई?

पुण्यात वाढलेल्या ख्रिस्ती माणसाची मोठी पंचाईत असते. शहर त्याला खरं बोलायला शिकवतं आणि संडे स्कूल गोड बोलायला. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने सत्य प्रीतीने बोलायला सांगितलंय. त्यातलं सत्य आम्हाला पेठेतल्या पाट्यांवरच फुकट वाचायला मिळतं. प्रीतीसाठी मात्र दर रविवारी अंघोळ करून चर्चला जावं लागतं.

कसोटी लागते ती उपासना सुटल्यावर. एखाद्या मावशींनी त्या दिवशी सोलो गायलेला असतो. आवाज वरच्या सुराकडे निघालेला, पण चाळीच्या जिन्यात दम लागलेल्या पाहुण्यासारखा मधल्याच पायरीवर टेकलेला. चहाच्या रांगेत मावशी पदर सावरत विचारतात, “कसं झालं हो गाणं?” आणि सगळा नवा करार पणाला लागतो. मुरलेली मंडळी म्हणतात, “शब्द किती सुंदर आहेत!” त्यात तसूभर खोटं नाही, शब्द रेव्हरंड टिळकांचे, सुंदर असायचेच. पाळकसाहेब त्याहून तयारीचे. ते म्हणतात, “मावशी, तुम्ही फार मनापासून गाता.” एक काका मात्र बशीतला चहा फुंकत सरळ सांगून मोकळे होतात, “सूर नाही लागला आज.” मग पाऊस भुरभुरायला लागतो, कौतुक करणारे आपापल्या वाटेने पांगतात, आणि मावशींना घरापर्यंत स्कूटरवरून सोडायला तेच काका थांबलेले असतात. हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही.

चहावरून गुरुवार पेठेतलं पंचहौद आठवतं. १८९० साली तिथल्या मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या पुण्यातल्या बड्या मंडळींपुढे चहा आला. काहींनी तो घेतला, काहींनी यजमानांचं मन मोडू नये म्हणून कप नुसता स्वीकारला. पुढे गोपाळराव जोशी नावाच्या गृहस्थांनी उपस्थितांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि रानडे, लोकमान्य टिळक, गोखले यांच्यासकट सगळ्यांवर ख्रिस्त्यांच्या चहापायी जातबहिष्काराचं ग्रामण्य उभं राहिलं. गोपाळरावांनी छापलं ते खरंच होतं. पण असलं खरं बोलायला प्रीती कशाला लागते? छापखाना पुरतो. मला कौतुक वाटतं ते नको असलेला कप हातात धरून अवघडून बसलेल्यांचं. ख्रिस्ती नसूनही तेवढ्यापुरते ते आमच्यातलेच झाले होते.

पण सत्य आणि प्रीती या दोन्ही गोष्टी एका घरात नांदवल्या त्या पंडिता रमाबाईंनी. १८८३ साली त्या पुणं सोडून इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या मठात राहत असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पंचहौदात काम करणाऱ्या भगिनी याच मठाच्या. तिथल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना आजीबाई म्हणत, आणि या आजीबाईंशी त्यांनी पत्रांतून जे वाद घातले ते वाचताना आजही आपल्या हातातला कप थरथरतो. त्रैक्याचा सिद्धान्त पटत नाही. मांस खाणार नाही. आणि क्रूसावर लॅटिन अक्षरंच कशाला, संस्कृत का नकोत? आजीबाईंना यात अहंकार दिसे, आणि त्याही ते पोटात न ठेवता कळवत. इतकी स्पष्ट भाषा आमच्या कमिटीच्या बैठकीत झाली असती, तर दोन चर्च झाली असती. इथे झालं काय, तर रमाबाई अमेरिकेत गेल्यावर त्यांची लहानगी मनोरमा काही काळ वाँटेजलाच राहिली. जिचं म्हणणं पटत नाही, तिच्या हवाली पोटची पोर करायची! आणि आजीबाईंनी? ती सगळी पत्रं, स्वतःला बोचणारीसुद्धा, जपून ठेवली, नीट लावली. एवढ्या प्रामाणिक आजीबाई आमच्या मंडळीत असत्या, तर सोलो गायला कुणी उठलंच नसतं. पण आजारी पडल्यावर सूप मात्र पहिलं त्यांच्याच घरून आलं असतं.

तो पत्रसंग्रह १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढला. आहे इंग्रजीत, पण कुठल्या जुन्या ग्रंथालयात हाती लागला तर जरूर वाचा. तिखट पत्रं आधी वाचलीत तरी चालेल, फक्त वरचा मायना गाळू नका.