फुकट मुंबई आणि सोय

मुंबईत फुकट किंवा नाममात्र खर्चात पाहण्याजोगी ठिकाणे दहा आहेत. गेटवे ऑफ इंडिया, जहांगीर आर्ट गॅलरी, मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी, मणिभवन, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, बाणगंगा, राणीची बाग आणि शिवाजी पार्कचा कट्टा. ही यादी प्रत्येक मुंबईकराला पाठ असते. पाहुण्याने विचारायचा अवकाश, तो ती पाढ्यासारखी एका दमात म्हणतो. यातली चार ठिकाणे त्याने शाळेच्या सहलीनंतर पाहिलेली नसतात आणि बाणगंगा तर कधीच पाहिलेली नसते, पण त्यामुळे त्याच्या आवाजातला आत्मविश्वास कमी होत नाही.

यादी सांगणारा मुंबईकर बहुधा वन रूम किचनमध्ये राहतो. सांगलीहून मेव्हणे, त्यांची बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि सासूबाई असे पाच जण चार दिवसांसाठी आले की घरातली माणसे नऊ होतात आणि संडास एकच राहतो. सकाळी सहा ते नऊ त्याच्या दारासमोर जी रांग लागते, तिच्यातच स्वस्त सहलीचा उगम आहे. ऑफिसची गाडी चुकत चाललेला यजमान खांद्यावर टॉवेल टाकून त्या रांगेत उभा असतो आणि उभ्या उभ्या म्हणतो, "आज तुम्ही मरीन ड्राइव्ह करून टाका. एक पैसा लागत नाही!" पाहुणे साडेनऊला बाहेर पडतात आणि रात्री साडेआठला परततात. मधले अकरा तास यजमानाच्या घरची सोय मोकळी राहते. पाहुण्यांच्या सोयीचे काय, हा प्रश्न रांगेत कोणी काढत नाही.

सोय या शब्दाचा येथे खुलासा आवश्यक आहे. मराठीत या शब्दाला एरवी आधाराची काठी लागते. राहायची सोय, जेवायची सोय, बसायची सोय, गाडी लावायची सोय. पुरुषांच्या तोंडी तो असाच येतो. बाईच्या तोंडी मात्र तो कधी कधी एकटाच येतो, हलक्या आवाजात, बहुधा दुसऱ्या बाईच्या कानाशी. "इथं सोय आहे का हो?" असा तो आला की त्याचा अर्थ एकच असतो आणि तो जगातल्या कोणत्याही बाईला समजावून सांगावा लागत नाही. पुरुषाला समजावून सांगितला तरी उपयोग होत नाही. सासूबाई निघताना दाराशी जावयांना विचारतात, "तिथं सोय आहे ना?" जावई बुटाची नाडी बांधता बांधता सांगतात, "आहे की, आई! चांगला साडेतीन किलोमीटर लांबीचा कट्टा आहे. कुठंही बसा."

सासूबाई आत वळतात आणि स्वयंपाकघरात भरून ठेवलेला पाण्याचा पेला न पिता तसाच झाकून ठेवतात. सहलीची खरी सुरुवात येथे होते.

सहलीतील वाहतूक स्वस्त आहे. लोकलच्या सेकंड क्लासला पहिल्या दहा किलोमीटरचे पाच रुपये पडतात. बसचे किमान भाडे मे २०२५ पासून साध्या गाडीला दहा रुपये आणि वातानुकूलित गाडीला बारा रुपये झाले आहे. यादी सांगणारा अजून पाचच सांगतो, कारण यादी पाठ केल्यानंतर त्याने ती तपासलेली नसते. तो वारही सांगत नाही. राणीची बाग बुधवारी बंद असते. पाहुण्यांना ही माहिती कुलूप पाहून मिळते.

स्थळांविषयी थोडक्यात सांगता येईल. गेटवे २६ मीटर उंच असून तो ४ डिसेंबर १९२४ रोजी खुला झाला. तो पाहण्यास दहा मिनिटे लागतात आणि त्याच्यासमोर पाच जणांचा एक फोटो काढण्यास चाळीस. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे. तिथे चित्रे पाहायला पैसे पडत नाहीत आणि समजली नाहीत तरी कोणी बोलत नाही. मणिभवनात गांधीजींचा मुक्काम १९१७ ते १९३४ या काळात असे. तेथेही प्रवेश फुकट आहे. राणीच्या बागेचे तिकीट २०१७ मध्ये पाच रुपयांवरून पन्नास झाले, तेव्हापासून ती फुकटच्या यादीतून नाममात्रच्या यादीत गेली, पण मुंबईकर ती अजून पहिल्याच यादीत म्हणतो. मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरल्या. त्या रस्त्यावरून पाहायच्या असतात. आत प्रत्येक मजल्यावर उत्तम सोय आहे, पण ती तिथे राहणाऱ्यांची.

मरीन ड्राइव्हवर बसणे हा या सहलीचा गाभा मानला जातो. तिथे बसून हवा खायची असते. हवा हा फुकट सहलीतला एकमेव पदार्थ आहे जो खाल्ल्यावर पाणी प्यावे लागत नाही, आणि बायकांच्या दृष्टीने तोच तिचा मोठा गुण आहे. मेव्हणे भेळ घेतात, शेंगदाणे घेतात, वीस रुपयांची पाण्याची बाटली घेतात आणि ती चौघांपुढे फिरवतात. मुलगा गटागट पितो. वहिनी ओठ ओले करतात. चौदा वर्षांची मुलगी आधी आईकडे पाहते आणि मग ओठच ओले करते. हा धडा तिला कोणी शिकवलेला नसतो. सासूबाई बाटली हातात घेतात, झाकण उघडतात, झाकण लावतात आणि पुढे देतात. "मला नाही तहान." मेव्हणे म्हणतात, "आईला प्रवासात पाणी लागतच नाही." ही गोष्ट ते चाळीस वर्षे अभिमानाने सांगत आले आहेत.

तहान आणि सोय यांचा हा संबंध पुढे हँगिंग गार्डनमध्ये स्पष्ट होतो. ही बाग १८८१ च्या सुमाराची असून ती मलबार हिलच्या जलाशयावर वसवलेली आहे. हिरवळीच्या खाली दक्षिण मुंबईला पाणी पुरवणाऱ्या टाक्या आहेत, त्यात कोट्यवधी लिटर पाणी आहे, आणि त्या पाण्याच्या बरोबर डोक्यावर, कातरून हत्ती केलेल्या झुडपाशेजारी, तीन बायका सकाळपासून एक घोट पाणी न पिता बसलेल्या असतात. जलव्यवस्थापनाचे याहून चोख उदाहरण कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. रस्त्यापलीकडे म्हातारीचा बूट आहे. इंग्रजी बडबडगीतातली ही म्हातारी असंख्य पोरांसह बुटात राहत असे. बुटाला दार आहे, खिडक्या आहेत, वर जायला जिना आहे. सोय नाही. गीत रचणाऱ्याच्या ती लक्षात आली नाही, बूट बांधणाऱ्याच्या लक्षात आली नाही आणि गेल्या कितीतरी दशकांत त्या बुटापुढे फोटो काढणाऱ्या लाखो बापांपैकी एकाच्याही मनात आले नाही की एवढी पोरे आणि ती म्हातारी सकाळी जात कुठे असतील. म्हातारी पोरांवर का चिडत असे, याचा उलगडा मात्र त्या बुटासमोर अर्धा तास उभ्या राहिलेल्या सासूबाईंना आपोआप होतो. खाली उतरून बाणगंगेवर गेले तरी तीच कथा. तहानलेल्या रामासाठी बाण मारून हे पाणी काढले, असे सांगतात. पुढे माणसांनीही पाणी पाजले. भाटबाजारात १८७६ ची दगडी प्याऊ, म्हणजे पाणपोई, आहे. शहरभर अशा प्याऊ होत्या, काही अजून उभ्या आहेत, दानशूरांनी आईवडिलांच्या स्मरणार्थ बांधलेल्या. या शहरात पाणी पाजण्याचे पुण्य देवाने घेतले, सावकाराने घेतले, व्यापाऱ्याने घेतले. प्यायलेल्या पाण्याचे पुढे काय होते, या विषयात पुण्य नसावे. आईच्या स्मरणार्थ पाणपोई बांधणाऱ्या एकालाही आई आयुष्यभर कशाने अडून राहिली ते आठवले नाही.

शहरात सोय अजिबात नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. सोय असते. ती शोधावी लागते. यादीत वडापाव कुठला खावा हे गल्लीच्या नावासह असते, फोटो कुठल्या खांबापासून काढावा हे असते, सूर्यास्त कुठून चांगला दिसतो हे असते. सोय कुठे, हे नसते. ती सापडली तर तिचे तीन प्रकार संभवतात. पहिला प्रकार बंद असतो आणि त्याची किल्ली शेजारच्या पानवाल्याकडे असते. पानवाला जेवायला गेलेला असतो. दुसरा प्रकार उघडा असतो, पण त्याला कडी नसते, म्हणून एक बाई आत जाते आणि दुसरी बाहेरून दार ओढून धरते. याच कारणासाठी बायका जोडीने जातात, आणि यावर पुरुषांचे विनोदही ठरलेले आहेत. तिसरा प्रकार उत्तम असतो. दाराशी एक टेबल असते, त्यावर नाण्यांची प्लास्टिकची ताटली, उदबत्ती आणि पैसे भरायचा क्यूआर कोड. भिंतीवर पाटी असते, पुरुषांसाठी मुतारी निःशुल्क. मेव्हणे आणि मुलगा सरळ आत जातात. बायकांसाठी वेगळी मुतारी नसल्याने त्यांनी शौचालय वापरले असे धरले जाते आणि माणशी पाच रुपये पडतात. वहिनी म्हणतात, "अहो, फक्त एक मिनिट." टेबलामागचा माणूस नजर वर न करता ताटली पुढे सरकवतो. मिनिटाचा वेगळा दर नाही.

हिशेब असा. रेल्वे त्या पाच रुपयांत माणसाला दहा किलोमीटर नेते. इथे त्या पाच रुपयांत बाई दहा पावले आत जाते. तीन बायका, दिवसातून दोनदा, तीस रुपये. पैसे द्यायला बायकांची ना नाही. पुरुष आणि बाई एकाच शहरातून, एकाच उन्हातून, एकाच यादीवरून फिरतात आणि बिल एकालाच लागते, एवढीच नोंद आहे. तिसरा प्रकार सापडला नाही तर चौथा उपाय उरतो. काचेच्या दाराचे एखादे गारेगार कॉफीचे दुकान शोधायचे, पाच जणांत एक कॉफी मागवायची, ती अडीचशेला पडते, आणि तिच्या आडून तिघींनी आळीपाळीने आत जाऊन यायचे. कॉफी कोणीच पीत नाही, कारण प्यायली तर पुन्हा जावे लागेल. फुकट सहलीतला हा सगळ्यात मोठा खर्च आहे आणि यजमानाला तो सांगितला जात नाही. तो विचारतो, "कॉफी कसली प्यायलात? घरी चहा नव्हता का?"

या सगळ्यावर शहरांनी शोधलेले उत्तर म्हणजे सेल्फी पॉइंट. पुरुषभर उंचीची अक्षरे, मध्ये लाल बदाम, खालून दिवे आणि आपले या शहरावर प्रेम असल्याचा मजकूर. त्याला रात्री वीज असते, राखायला माणूस असतो, पुसायला फडके असते, उद्घाटनाला नारळ असतो. आता तो तालुक्याच्या गावातही पोचला आहे. अक्षरांच्या मागे जागा असते. त्या जागेत पुरुष उभे राहतात, ही वस्तुस्थिती आहे आणि वास तिला साक्षी आहे. ज्या शहराला प्रेमाची अक्षरे चोवीस तास उजळता येतात, त्याला एका दाराला कडी लावता येत नाही, पाण्याचा नळ चालू ठेवता येत नाही, बाण दाखवणारी पाटी लावता येत नाही, हे कोणी खर्चाच्या नावावर सांगू नये. कडी चाळीस-पन्नास रुपयांना मिळते. खोटे वाटत असेल तर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात विचारावे. आठ मार्चला गुलाबाचे फूल मिळते त्याहून थोडी महाग पडेल, पण वर्षभर टिकेल. पाणी न पिता, अडवून धरून दिवस काढणाऱ्या बायकांना मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो. त्याचे औषध, तपासणी आणि डॉक्टरांची फी धरली तर फुकट मुंबई ही या देशातल्या महागड्या सहलींपैकी एक ठरते. हा खर्च सांगलीला पोचल्यावर होतो, म्हणून तो मुंबईच्या खात्यावर पडत नाही.

या दहा ठिकाणांची दुसरी एक यादीही आहे. ती यजमानाच्या बायकोकडे असते. तिने या शहरात वीस वर्षे नोकरी केली आहे, त्यामुळे कुठल्या स्टेशनावर कुठल्या टोकाला, कुठल्या मोठ्या दुकानाच्या कितव्या मजल्यावर, कुठल्या दवाखान्याच्या तळमजल्यावर कोणी न विचारता जाता येते, हे तिला ठाऊक असते. तिच्या यादीत ठिकाणे चारच असतात, पण प्रत्येकाच्या पुढे सोय लिहिलेली असते. सकाळच्या रांगेत ती यादी तिला कोणी विचारत नाही. ती तेव्हा पोळ्या लाटत असते.

पाहुणे साडेआठला परततात. मेव्हणे म्हणतात, "मजा आली, आणि खर्च काहीच नाही!" सासूबाई चप्पल काढतात, कोणाशी न बोलता आत जातात, बाहेर येतात, सकाळी झाकून ठेवलेला पेला उघडतात आणि उभ्यानेच पूर्ण पितात. मग दुसरा भरून घेतात.

पुढच्या पाहुण्यांना फुकट मुंबईची यादी देण्याआधी ती घरातल्या बाईला एकदा वाचून दाखवावी. तिने जी ठिकाणे खोडली असतील, ती सांगू नयेत.