हजेरी घ्यायचीच तर सगळ्यांची घ्या

पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम रद्द करा, अशी मागणी अधूनमधून होत असते. या सदराचा तिला ठाम विरोध आहे. नियम उत्तम आहे, इतका उत्तम की तो एकट्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवणे हा बाकीच्यांवर अन्याय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००३ च्या नियमावलीत दोन गोष्टी होत्या. वर्षात किमान १८० दिवस प्रत्यक्ष शिकवले गेले पाहिजे, ही एक. आणि विद्यार्थ्याची हजेरी साधारणपणे ७५ टक्क्यांखाली नसावी, ही दुसरी. २०२५ च्या नव्या नियमावलीने किती हजेरी हवी ते ठरवण्याचे काम त्या त्या संस्थेच्या अधिकार मंडळांवर सोडले, पण पंचाहत्तर हा आकडा नोटीस बोर्डाला असा चिकटला आहे की टाचण्या काढल्या तरी पडायचा नाही. यातली दुसरी गोष्ट विद्यार्थ्याला प्रवेशाच्या दिवशीच सांगितली जाते. पहिलीचे काय झाले ते कळायला माहितीच्या अधिकारात अर्ज करावा लागतो. डिफॉल्टर यादी विद्यार्थ्यांची लागते. न झालेल्या तासांची यादी बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर किंवा घाटाखाली, कुणी लागलेली पाहिली असेल तर तिचा फोटो जपून ठेवावा.

माप एकच असावे, हे म्हणणे काही नवे नाही आणि बाहेरून आणलेलेही नाही. जे दोष बाईच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत काय, असा सवाल बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली पुण्यात छापून निघालेल्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकात केला. मापे घेऊन बसलेली मंडळी त्यांच्यावर इतकी चिडली की जोतीराव फुल्यांना ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घ्यावी लागली. ताराबाई घरीच वडिलांकडून शिकल्या, म्हणजे कॉलेजातली हजेरी शून्य टक्के. आज त्या बी.ए.च्या पहिल्या सत्राला असत्या तर मराठीच्या पेपरचे हॉल तिकीट त्यांना मिळाले नसते, आणि त्याच पेपरात त्यांच्या पुस्तकावर पाच गुणांची टीप आली असती.

आता हिशोब मांडू. १८० दिवसांचे वर्ष म्हणजे ९० दिवसांचे सत्र. त्यातले २५ टक्के, म्हणजे साडेबावीस दिवस, न येण्याची मुभा आहे. कॉलेजपासून चार गल्ल्यांवर राहणाऱ्याला हे दिवस चैनीचे. मोताळा, संग्रामपूर किंवा लोणार तालुक्यातल्या खेड्यातून येणाऱ्याचे मात्र ते सत्र सुरू होण्याआधीच वाटून झालेले असतात. वर्ग रंगात येतात तेव्हा सोयाबीनची सोंगणी निघते, हिवाळी परीक्षेच्या तोंडावर कपाशीची वेचणी येते, आणि मजूर मिळत नाही तेव्हा घरातला कॉलेजचा पोरगा हाच सगळ्यात स्वस्त मजूर ठरतो. उरलेले दिवस एसटीच्या वाट्याला. मासिक पासात विद्यार्थ्याला ६६.६७ टक्के सवलत आहे. दहा दिवसांचे भाडे भरा आणि महिनाभर फिरा. सवलत चांगली आहे, कुणी नाव ठेवू नये. पण ती भाड्यावर आहे, गाडी किती टक्के दिवस येईल याबद्दल पास काही बोलत नाही. सकाळी सातची गाडी साडेआठला आली की पहिले दोन तास गेले. मस्टरवर मुलाच्या नावासमोर लाल शाईचा ‘ए’ पडतो. गाडीच्या नावासमोर काहीच पडत नाही, कारण तिला मस्टरच नाही.

यातली सगळ्यात मोठी सामुदायिक गैरहजेरी २०२१ ची. कोरोनानंतर राज्यातली महाविद्यालये २० ऑक्टोबरला उघडली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांचे हाल खरे होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्याकडे रेल्वे फक्त घाटाखालून जाते: मलकापूर, नांदुरा, शेगाव, फार तर जलंबहून खामगाव. खामगाव-जालना रेल्वेची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे, तेव्हा चिखलीच्या कॉलेजात रेल्वेने येईन म्हणणाऱ्याला पणजोबांच्या काळापासून फलाटावर उभे राहावे लागले असते. शतकभर गैरहजर राहूनही त्या गाडीचे नाव पटावरून कमी झालेले नाही, हे विशेष. दर निवडणुकीत ते पुकारले जाते आणि कुणीतरी मागच्या बाकावरून तिच्या वतीने ‘येस सर’ म्हणतो.

धडपडत वर्गात पोचलो, तर पुढचा प्रश्न शिकवणाऱ्याचा. २०१७ साली राज्य सरकारने पदभरतीवर निर्बंध घातले. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात सहायक प्राध्यापकांच्या रिकाम्या जागांपैकी ४० टक्के, म्हणजे ३,५८० जागा भरायला परवानगी मिळाली. टक्का नीट पाहा. विद्यार्थ्याला ७५ आणि सरकारला ४०, म्हणजे काठावर पास, तेही पेपर स्वतःच काढून आणि स्वतःच तपासून. बरे, त्या चाळीस टक्क्यांतले तरी आले किती? १,४९२. उरलेल्या २,०८८ जागांसाठी २०२१ मध्ये पुन्हा परवानगी द्यावी लागली. म्हणजे काठावरच्या चाळीस टक्क्यांतसुद्धा हजेरी ४२ टक्क्यांच्या आसपास. एखादा विद्यार्थी असा निघाला असता तर त्याच्याकडून हमीपत्र लिहून घेऊन वर लायब्ररीचे कार्ड जमा करून घेतले असते.

या रिकाम्या खुर्च्यांवर तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक बसतात. बसतात हे म्हणायला. ते उभ्यानेच शिकवतात आणि दुसऱ्या कॉलेजची गाडी पकडायला पळतात. या माणसाकडे जरा जवळून पाहावे. नेट किंवा सेट झालेली, बरेचदा पीएच.डी.सुद्धा. पिशवीत दोन कॉलेजांची दोन मस्टरं, शर्टाच्या खिशाला खडूचा पांढरा डाग, मोबाइलमध्ये मानधनाचे बिल कुठल्या टेबलावर अडकले ते विचारणाऱ्या सहकाऱ्यांचा ग्रुप. तास झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. दिवाळीची सुट्टी बिनपगारी, उन्हाळ्याची तर विचारूच नका. झालेल्या तासांचे पैसेही महिनोन्‌महिने येत नाहीत, आणि येतात तेव्हा कुठल्या महिन्याचे ते ओळखणे हा स्वतंत्र संशोधनाचा विषय असतो. सगळ्या उच्च शिक्षणात शंभर टक्के हजेरीच्या जवळ जाणारा हाच एक गडी, आणि कायम पदाच्या पटावर नाव नसलेलाही हाच. तेव्हा इथल्या टोमण्यांचा रोख प्राध्यापकांवर आहे असे कुणी समजू नये. ज्या खुर्चीत कुणी बसलेलेच नाही तिच्यावर रुसणार तरी कसे?

नवे शैक्षणिक धोरण २०२० चे. आपल्या संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून आले. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञानप्रणाली, ऑन जॉब ट्रेनिंग, शिवाय क्रेडिट साठवायला बँक. लग्नाच्या जेवणावळीत वाढपी जितके पदार्थ पुकारत जातो तितके विषय. विज्ञानाच्या मुलाने साहित्य वाचावे, वाणिज्यवाल्याने पर्यावरण शिकावे, ही कल्पना कुणालाही आवडेल, आम्हालाही आवडली. अडचण इतकीच की विषयामागे शिकवणारा लागतो. चारपैकी तीन विषयांना तो नसला की निवडीचे स्वातंत्र्य उरलेल्या चौथ्यात एकवटते. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स, अशी बाहेर पडायला चार दारे ठेवली आहेत. आत यायची गाडी मात्र तीच, सातची.

निकालाचेही तसेच. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ चे कलम ८९ सांगते की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत तो लावावा. ‘कोणत्याही परिस्थितीत’ हे शब्द विद्यार्थ्यासाठी असतात तेव्हा त्यांचा अर्थ शब्दशः घेतला जातो. विद्यापीठांसाठी असतात तेव्हा आधी परिस्थिती पाहिली जाते. तरीही नियम वर चढू शकतो, याचा एक दाखला आहे. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या, उन्हाळी परीक्षांचे निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले, आणि ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. पंचाहत्तर टक्केवाल्यांच्या भाषेत, कुलगुरू डिटेन झाले. सूर्य तरीही दुसऱ्या दिवशी पूर्वेलाच उगवला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: सक्ती काढली तर पोरं वर्गात येणारच नाहीत, टपरीवर बसून रील पाहतील. अगदी कबूल. काही जण येणार नाहीतच, आणि त्यांच्या वतीने प्रॉक्सी लावणारे एका दमात चार आवाज काढतील. म्हणून तर नियम हवाच, असे सुरुवातीला म्हटले. पण धाक असल्याशिवाय माणूस जागेवर येत नाही, हे माणसाबद्दलचे सत्य असेल तर ते संचालनालयातल्या माणसालाही लागू पडायला हवे. आळस फक्त विशीतल्या पोरात असतो आणि टेबलावर मुक्कामाला आलेल्या फायलीत नसतो, याला पुरावा काय? यावर काही जण बायोमेट्रिक यंत्र सुचवतात. पणजोबा सावकाराच्या कागदावर अंगठा उठवत होते, नातवंडांना सही यावी म्हणून घराने वावर विकले, आणि आता पदवीसाठी पुन्हा अंगठा. बसवा. पण एक यंत्र प्राचार्यांच्या केबिनबाहेर, एक आगारात आणि एक मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर, असे तीन नग एकाच निविदेत मागवावेत.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. सरकारच्या गैरहजेरीला कारणे असतात: वित्त विभागाची मान्यता, बिंदुनामावली, आचारसंहिता, कोर्टातली प्रकरणे. कारणे खरी आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. पाऊस लांबला, बाप आजारी पडला, बैल दगावला, ही कारणेही खरीच असतात. फरक एवढाच की विद्यार्थ्याच्या कारणासाठी कॉलेजात रीत ठरलेली आहे: अर्ज, सोबत दाखला, खाली पालकांची सही. तीच रीत वर लावावी. निकाल रखडला तर परीक्षा विभागाने वर्गात येऊन उभ्याने कारण सांगावे. सर्व्हर आजारी होता असे असेल तर वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे. भरती लांबली तर उच्च शिक्षण विभागाला सांगावे, उद्या पालकांना घेऊन ये. आणि दुसऱ्या दिवशी वित्त विभागाने खरोखर यावे, टोपी हातात घेऊन.

तिसरा आक्षेप सल्ल्याच्या सुरात येतो: ज्यांना शेत आणि मजुरी सुटत नाही त्यांनी मुक्त विद्यापीठात जावे, कटकटच नको. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून त्यासाठीच आहे आणि अनेकांना त्याने पदवीपर्यंत नेले. पण या सल्ल्याचा अर्थ काय होतो ते पाहा. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही आणि म्हणून ज्याला वर्गाची गरज सर्वांत जास्त, त्याने घरी बसून शिकायचे. ज्याच्या घरी कपाट आहे, इंटरनेट आहे, शिकवणी आहे, त्याला सक्तीने वर्गात बसवायचे. शिवाय शिष्यवृत्तीच्या हप्त्याला हजेरी जोडलेली. शिष्यवृत्ती वेळेवर नाही म्हणून पासाला पैसे नाहीत, पास नाही म्हणून हजेरी नाही, हजेरी नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही. इतके निर्दोष वर्तुळ गणित विभागाने अभ्यासक्रमात घ्यायला हरकत नाही, विभागात शिकवायला कुणी असेल तर.

तेव्हा मागणी साधी आहे. डिफॉल्टर यादी जिथे लागते तिथेच तिच्या शेजारी आणखी एक कागद लागावा. मंजूर पदे किती, भरलेली किती. ठरलेले तास किती, झालेले किती. मागचा निकाल कितव्या दिवशी लागला. सकाळची गाडी ९० पैकी किती दिवस वेळेवर आली. यातला जो आकडा सगळ्यात कमी असेल तीच त्या सत्रापुरती विद्यार्थ्याच्या हजेरीची अट. आकडे शंभरावर गेले तर विद्यार्थ्यालाही शंभर टक्के यायला सांगा, कुणी चकार शब्द काढणार नाही. आकडे मुद्दाम फुगवले जातील ही भीती रास्त आहे, पण प्रॉक्सी पकडायची कला या व्यवस्थेला चांगली अवगत आहे. ती या कामी येईल.

प्रश्न उरतो तो ही मागणी मांडायची कुणी. रीतसर पाहिले तर विद्यार्थी परिषदेने. १९९४ च्या कायद्याने खुल्या निवडणुका गेल्या आणि गुणवत्तेवर नेमणुका आल्या. २०१६ च्या कायद्याने निवडणुका परत आणल्या. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला, २०१९ साली निवडणुकांची तयारी झाली, आणि विधानसभेची निवडणूक आहे म्हणून त्या पुढे ढकलल्या गेल्या. म्हणजे अठरा वर्षांच्या पोरांनी निवांतपणे आमदार निवडावा यासाठी त्यांना वर्गप्रतिनिधी निवडण्यापासून सूट देण्यात आली. त्यापाठोपाठ कोरोना आला. परिषद नसेल तर अर्ज थेट संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात नेऊन द्यावा लागेल, बुलढाण्याहून सुमारे दोनशे किलोमीटर. १९८३ साली पश्चिम विदर्भासाठी वेगळे विद्यापीठ झाल्याने आपल्याला ते जवळ पडले, हे मान्य केलेच पाहिजे. नागपूर याहून लांब होते. पहाटेची गाडी आली, आवक-जावकच्या टेबलावर माणूस भेटला, अर्जात त्रुटी निघाली नाही आणि पोच मिळाली, तर रात्री उशिरा घरी पोचता येते. तो दिवस मात्र मस्टरवर गैरहजर धरला जाईल.