कर्ता कुठाय?

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुठल्याही स्टँडवर उतरा आणि इंग्रजीचे सर कुठं राहतात म्हणून विचारा. पानपट्टीवालाही बोट दाखवेल. या सरांचं इंग्रजी पक्कं असतं, इतकं पक्कं की बोलायला म्हणून ते बाहेरच येत नाही. सर इंग्रजी शिकवतात मराठीतून, रागावतात मराठीतून, फी मागतात तीही मराठीतून. इंग्रजी फक्त उदाहरणापुरतं.

आमचे सर मूळचे साताऱ्याचे. नोकरी एका शिक्षणसंस्थेच्या शाळांत, त्यामुळं कोरेगाव, कराड, विटा, तासगाव असं करत करत कृष्णेच्या खोऱ्यातून खाली आले आणि रिटायर होऊन सांगलीत विश्रामबागेत स्थिरावले. क्लास हॉलमध्ये. टेबलावर डाव्या हाताला तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, उजव्या हाताला इंग्रजी व्याकरणवाले रेन आणि मार्टिन. हे दोघं वेगळे गृहस्थ आहेत हे सरांना मान्य नाही. "रेनमार्टिन काय म्हणतो?" असं एकवचनीच ते विचारतात. त्यातल्या रेननं मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केली आणि पुढं १९२४ साली फ्रेंच फॉरिन लीजनवर 'बो जेस्ट' नावाची गाजलेली कादंबरी लिहिली, हे मी एकदा सांगून पाहिलं. सर गप्प झाले. मग म्हणाले, "नंतर बिघडला असेल."

व्याकरण ही आपल्या भागाची पिढीजात इस्टेट आहे, असं सरांचं ठाम मत. त्याला आधार आगरकरांचा. आगरकर कराडजवळच्या टेंभूचे, आणि मराठी वाक्याची चिरफाड करणारी 'वाक्यमीमांसा' त्यांनी १८८८ साली लिहिली. आज टेंभू म्हटलं की लोकांना उपसा सिंचन योजना आठवते, खानापूर-आटपाडीचं पाणी आठवतं. सर म्हणतात, "टेंभूनं सांगलीला आधी व्याकरण दिलं. पाणी नंतर."

त्यांची उदाहरणंही सगळी इथलीच. पॅसिव्ह व्हॉइस आला की साताऱ्याची शाळा आलीच: बाबासाहेब आंबेडकरांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी शाळेत घातलं गेलं. "कुणी घातलं, हे सांगायची गरज आहे का? नाही. नाव कुणाचं, ते महत्त्वाचं. म्हणून पॅसिव्ह." हे मात्र मला अजून कुणी यापेक्षा चांगलं समजावलेलं नाही.

'द'चा धडा त्याहून रंगतो. कृष्णेला 'द' लागतो, वेण्णेला लागतो, पण सातारला नाही आणि सांगलीलाही नाही. सह्याद्रीच्या रांगेला लागतो, एकट्या अजिंक्यताऱ्याला नाही. एक मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे वाहतंय त्याला 'द'." सरांनी त्याला बाकावर उभं केलं, आणि खाली बसवायचं विसरले, कारण तेवढ्यात दुसऱ्यानं विचारलं की 'ॲन आमदार' बरोबर का. आ हा स्वर, म्हणून बरोबर. आणि खासदाराला नुसता 'ए'. "म्हणजे खासदार मोठा असून त्याला एक अक्षर कमी?" यावर सर म्हणाले, "व्याकरण पद बघत नाही, उच्चार बघतं." आमच्याकडे हे वाक्य भर सभेत म्हणायची कुणाची छाती नाही.

अडचण व्हायची ती साखरेपाशी. साखर मोजता येत नाही, तिला 'ए' नाही की अनेकवचन नाही, असं सरांनी फळ्यावर लिहिलं. पहिल्या बाकावरच्या मुलाचे वडील कारखान्याच्या गोडाऊनला होते. तो म्हणाला, "सर, आमचे पप्पा रोज मोजत्यात की." सरांनी त्याला 'पोतं' आणि 'साखर' यांतला फरक बराच वेळ समजावला. पोरगं ऐकून घेत होतं, पण एवढी साखर मोजणाऱ्या बापापेक्षा रेनमार्टिनवर विश्वास ठेवावा, असं काही त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

घरात खरं इंग्रजी बोलतात त्या सरांच्या पत्नी, आमच्या काकू. त्या आठवी शिकलेल्या. कस्टमर केअरचा फोन लागला की, "यू से टुमारो, टुमारो, गॅस नॉट कम! माय सिलिंडर फिनिश!" संध्याकाळी सिलिंडर दारात. सर शेजारी उभे राहून चुका बोटांवर मोजत असतात. दोन्ही हात पुरत नाहीत.

असे सर एरवी विश्रामबागेतच राहिले असते. पण त्यांची मुलगी नवऱ्याच्या नोकरीपायी माद्रिदला गेली, आणि तिच्या शेजारच्या आजीबाईंना इंग्रजी शिकायची हुक्की आली. मुलीनं सहज सांगितलं, "आमचे बाबा शिकवतात." झालं. सांगलीत संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉलवर क्लास. तिकडं दुपारच्या जेवणाची वेळ, कारण स्पेनमध्ये दोन-तीनच्या आत कुणी ताटावर बसत नाही. बाई जेवता जेवता शिकायच्या. "वर्गात खाणं!" म्हणून सर पहिला आठवडा तळमळले.

शिकवण्याची पद्धत अशी: सर मराठीत नियम सांगणार, मुलगी त्याचं स्पॅनिश करणार, बाईंचं स्पॅनिश पुन्हा मराठीत येणार. इंग्रजी अर्थातच उदाहरणापुरतं.

बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आय हॅव सिक्स्टी टू इयर्स." स्पॅनिशमध्ये माणूस अमुक वर्षांचा 'असत' नाही, वय त्याच्याजवळ असतं, जसे पैसे असावेत. सर म्हणाले, "वय ही 'हॅव' करायची वस्तू नव्हे. 'ॲम' म्हणा." मग बाई खिडकीकडं बघून म्हणाल्या, "इज रेनिंग." सर खुर्चीतून उठलेच. "कर्ता कुठाय?" स्पॅनिशमध्ये क्रियापदाच्या शेपटावरूनच कर्ता कळतो, तो वेगळा सांगावा लागत नाही. आपण नाही का नुसतं 'जातो', 'येतेस' म्हणून मोकळे होतो? पण इंग्रजीत पावसालासुद्धा एक 'इट' पुढं उभा करावा लागतो. तो इट कोण, हे दुष्काळी जतच्या एका मुलानं पूर्वी विचारलं होतं. सर तेव्हा म्हणाले होते, "कोणी का असेना." मुलगा म्हणाला, "नाही सर, आमच्याकडं पाठवायचा होता."

हळूहळू सरांच्या ध्यानात आलं की बाई अगदी आपल्या पाचवीच्या तुकडीतल्या आहेत. 'शी गो' म्हणून 'एस' गाळतात. 'मोठी घरं' म्हणताना मोठ्यालाही अनेकवचन लावतात. शाळेला 'एस्कूल' म्हणतात. आमच्या आटपाडीचा गडी 'इस्टो' आणि 'इस्टूल' म्हणतो तसं. 'पीपल इज' ही तेवढी त्यांची खास चूक, कारण स्पॅनिशमध्ये लोक एकवचनी. ती सापडली तेव्हा सरांना कोण आनंद! "आपली पोरं हे कधी चुकत नाहीत. आपले लोक अनेकच असतात."

एकच ठिकाण उलटं निघालं. आमची पोरं 'द' खातात, आणि बाई जिथं तिथं 'द' घालतात. 'द लाइफ', 'द लव्ह', काय वाटेल त्याला 'द'. सरांनी दोघांची वाक्यं शेजारी शेजारी मांडली, लाल पेन उघडलं आणि म्हणाले, "यांचे जास्तीचे काढून यांना वाटले, तर दोन्हीकडची तूट भरून निघते बघ."

पुढं सरांनी गृहपाठ म्हणून तर्खडकरांचा पहिला भाग पाठवला. त्यात भाषांतर करायचं ते मराठीतून, ही अडचण मुलीनं सांगितली. सर म्हणाले, "मग आधी मराठी घ्या म्हणावं."

बाईंनी घेतलं. सहा महिन्यांनी मुलीचा फोन आला. बाईंच्या इंग्रजीची गाडी अजून 'इज-ॲम-आर'च्या स्टॉपवरच उभी होती. पण त्यांचे यजमान टीव्हीसमोरून काहीतरी अर्धवट ओरडले की त्या स्वयंपाकघरातून खणखणीत विचारतात, "कर्ता कुठाय?" सरांनी त्याच दिवशी त्यांना दुसऱ्या भागात घातलं.