बैलगाडीतलं ड्राइव्ह-इन

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आम्ही परभणीकर सिद्ध करत बसत नाही, नुसती ठासून म्हणतो. मी मात्र तिला एक पुरावा जोडून ठेवणार आहे. मोटारीत बसून सिनेमा बघायचं थिएटर, म्हणजे ड्राइव्ह-इन, जर्मनीत निघालं ते १९६० साली, फ्रँकफर्टजवळ ग्राफेनब्रुख इथं. वाहनात बसून सिनेमा बघणं आमच्याकडंही होतंच. वाहनाला बैल होते, एवढंच.

या विद्येचा मूळ मान अमेरिकेचा. न्यू जर्सीतल्या कॅम्डेनजवळ रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाच्या गृहस्थानं ६ जून १९३३ रोजी पहिलं ड्राइव्ह-इन उघडलं. त्याआधी घरासमोर मोटारीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर मांडून आणि झाडांना पडदा ठोकून त्यानं प्रयोग केले. पावसात काय होईल, म्हणून बागेचा फवारासुद्धा मोटारीवर सोडून बघितला. (शेजाऱ्यांनी त्याच्या बायकोला काय काय विचारलं असेल!) मागच्याला पुढच्याच्या टपावरून दिसावं म्हणून मोटारीची पुढची चाकं उंचवट्यावर चढवायची, ही त्याची खरी युक्ती. तिचं त्यानं पेटंट घेतलं.

आमचे नाना बैल सोडून जुवाखाली भक्कम टेकू लावायचे, की गाडीचं तोंड वर. पेटंटचं त्यांना कोणी सांगितलं नाही.

जत्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. ट्रकमधून प्रोजेक्टर, जनरेटर, कनाती उतरायच्या आणि दुपारपासून भोंगा बोंबलायचा. तिकीट काढणारे आत जमिनीवर बसत. मधे दोरी, अलीकडं बाप्ये, पलीकडं बाया. ‘जय संतोषी माँ’ला तर लोक चपला काढून आत गेले. नानांचं मत असं, की गाडी घरची असताना जमिनीवर बसायला पैसे का मोजायचे? ते गाडी कनातीला भिडवत आणि आम्ही तिच्यात उभं राहून वरून बघत असू.

दिसायचा तो पडद्याचा वरचा अर्धा भाग. त्यामुळं मारामारीत लाथ कोणी घातली हे आम्हाला कधी कळलं नाही. मार खाणारा एकदम नाहीसा व्हायचा. नाच कंबरेच्या वरचाच. नायक पाया पडायला वाकला, की पडद्यावर नुसतं आभाळ.

आवाजाचं आणखी वेगळं. हवा फिरली की संवाद शेतात जायचा. मग पहिल्या गाडीनं ऐकलेलं दुसऱ्या गाडीला सांगायचं, तिनं तिसरीला. ‘मी तुमच्याशी लग्न करणार नाही’ हे वाक्य शेवटच्या गाडीपर्यंत पोचेस्तोवर नायिकेला दोन लेकरं झालेली असत. एकच प्रोजेक्टर, त्यामुळं रीळ संपलं की अंधार. त्या वेळात कथेतले वाद मिटवून घ्यायचे.

एकदा खलनायक दबक्या पावलांनी येत होता आणि आमच्या बैलाची घुंगरमाळ वाजायला लागली. आतून कोणीतरी ओरडलं, “कोणाचा बैल हाय रे त्यो? आवरा की!”

नाना म्हणाले, “त्याला कळायलंय इलन आलाय म्हणून. तुम्हालाच कळंना.”

पुढं टीव्ही आला, व्हिडिओ आला आणि तंबू विरळ झाले. त्या तंबूवाल्यांवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा माहितीपट निघाला आणि २०१६ साली कानच्या महोत्सवात जाऊन आला. कानचं मला कौतुक आहे, पण तिथल्यांनी तो सबंध पडद्यावर बघितला, त्याला काय अर्थ?

मुंबईत वांद्र्याच्या बाजूला २०२१ पासून गच्चीवर ड्राइव्ह-इन सुरू झालंय. भाच्यानं हौसेनं आम्हाला नेलं. मोटारी शिस्तीत रांगेत, काचा बंद, आत एसी, आवाज थेट मोटारीतल्या रेडिओवर. पडदा खालपासून वरपर्यंत दिसत होता. कथा मला पहिल्यांदाच न विचारता समजत होती, त्यामुळं पंधरा मिनिटांत जांभया सुरू झाल्या.

आईचं मन काही रमेना. तिनं काच खाली केली आणि शेजारच्या मोटारीच्या काचेवर बांगडीनं टकटक केली. आतल्या बाई दचकल्या, पण काच उतरवली.

“काय ओ बाई, ह्यो तिचा भाऊ हाय का दीर?”

“दीर. पण सख्खा नाही वाटतं,” बाई म्हणाल्या आणि मागं वळून विचारलं, “अहो, सख्खा आहे का हो?”

त्यांच्या ‘अहों’ना माहीत नव्हतं. त्यांनी पलीकडच्या मोटारीला विचारलं.