हजार वॅटचा डबा

अहो काकू, मोटारीचा नव्हता तो आवाज. मागच्या आळीतल्या पोराचा गेमिंगचा कॉम्प्युटर होता. पार रामलिंग रोडपर्यंत ऐकू यायचा म्हणतात. एवढं काही मी मानत नाही, पण त्याच्या आजीची झोप उडाली होती हे खरं. बिबट्याच्या भीतीनं अंधार पडला की पोरं घरात, आणि घरात बसून करणार काय?

मला कसं माहीत म्हणता? त्याची आई माझ्याकडंच आली होती. माझं माहेर दौंडचं, भावाचं तिथं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. म्हणाली, "वहिनी, तुमच्या भावाला विचारा ना, हा डबा एवढा का घरघरतो?" रविवारी भाऊ इकडं आला होता, त्याला घेऊनच गेले. मला काय, चहा मिळाला आणि त्यांचं नवीन किचनही बघून झालं. ओटा चांगला केलाय, पण कपाटांचा रंग... जाऊ द्या.

तर ओरडत होता तो एसएमपीएस. भिंतीतली वीज घेऊन आतल्या पार्टांना बारा, पाच व्होल्ट करून वाटतो ना, तो ठोकळा. त्यावर हे मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 1000 वॅट. पोरगं ऐटीत म्हणालं, "मामा, फुल पॉवर." भावानं हातात घेऊन बघितला. म्हणाला, "हजार वॅटचा माल एवढा हलका नसतो रे. आणि तुला हजार हवेत कशाला? तुझा रायझेन 5600 प्रोसेसर 65 वॅटचा, 4060 ग्राफिक्स कार्ड 115 वॅटचं. बोर्ड, पंखे सगळं धर, तुझा खेळ अडीचशेच्या आसपास आटपतो. कार्ड बनवणारेच सांगतात, साडेपाचशेचा पुरे."

मी विचारलं, मग आवाज कशाचा? तर म्हणे उष्णतेचा. ठोकळा तापला की आतला पंखा जोरात फिरणार. अडीचशे वॅट द्यायचे, आणि ठोकळा शंभरातले ऐंशीच पुढं पोचवत असेल, तर बासष्ट वॅट आतच तापण्यात जातात. नव्वद पोचवणारा असेल तर अठ्ठावीस. काम तेवढंच, ताप निम्म्याहून कमी. म्हणून ते ब्रॉन्झ, गोल्ड असे शिक्के असतात, 80 प्लस म्हणतात त्याला, 2004 पासून आहे. गोल्डवाला अर्ध्या लोडला नव्वदच्या घरात जातो.

पण काकू, इथं गंमत आहे. तो शिक्का आवाजाबद्दल एक अक्षर बोलत नाही. आणि परीक्षा घेतात ती 23 अंशांच्या खोलीत! आपल्याकडं 23 अंश कधी, तर जानेवारीत, गोधडीत. एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या खोलीत त्या सोन्याचं काय होतं ते कोणी लिहीत नाही. आवाजाचा शिक्का वेगळा, सायप्रसची सायबेनेटिक्स नावाची संस्था देते, लॅम्डा म्हणतात. ए प्लस प्लस असेल तर पंधरा डेसिबलच्या आत. दुकानदार गोल्ड गोल्ड करतात, लॅम्डाचं नाव काढलं की त्यांना फोन येतो.

वर आपली लाइट. शेतीच्या मोटारी सुरू झाल्या की वाडीवस्तीवर बल्ब कसे पिवळे पडतात, माहीतच आहे तुम्हाला. व्होल्टेज पडलं की तेवढंच काम करायला ठोकळा जास्त करंट ओढतो, जास्त तापतो, पंखा आणखी पळतो. भाऊ म्हणतो, 100 ते 240 व्होल्ट लिहिलेला बघून घ्यावा, 200 पासून पुढचा नको. त्याच्याकडं केडगाव भागातले डबे येतात, गुऱ्हाळांच्या धुरानं आत काळं फडकं फिरवल्यासारखे. काजळी बसली की वारा जात नाही, मग चांगला पंखासुद्धा ओरडतो. आणि ह्या पोरानं काय केलं होतं सांगू? आवाज कमी व्हावा म्हणून डबा कपाटात कोंबला, दार लावून! स्वतःचीच गरम हवा परत ओढत होता तो.

शेवटी भावानं पुण्याहून, तपकीर गल्लीतून, साडेसहाशेचा गोल्ड आणून बसवला. साडेपाचशेचाही चालला असता, पण अर्ध्याच्या बरंच आत काम राहिलं की पंखा सावकाश फिरतो, आणि उद्या कार्ड बदललं तर परत खर्च नको. आत 135 मिलिमीटरचा पंखा. मोठं पातं कमी फेऱ्यांत तेवढाच वारा देतं. एक बटण होतं, लोड कमी असेल तर पंखा अगदी बंदच ठेवणारं. पोरगं खूश. पण भावानं ते बंद करून ठेवलं. आपल्या उन्हाळ्यात पंखा सारखा सुरू-बंद होणार, आणि एका लयीत फिरणाऱ्या पंख्यापेक्षा ते चालू-बंद कानाला जास्त टोचतं. हे मला पटलं. पंख्याचं तोंड खाली, खाली जाळी, आणि डबा फरशीवर न ठेवता छोट्या स्टुलावर.

हो, यूपीएस होता ना. 600 व्हीएचा, म्हणजे मिळणार 360 वॅट. लाइट गेली की तोच गुणगुणायचा. ह्या चांगल्या ठोकळ्यांना स्वस्त यूपीएसची चौकोनी लाट मानवत नाही, मधेच बंदही पडतात. प्युअर साइन वेव्हचा महाग आहे, सध्या तरी लाइट गेली की गेम सेव्ह करायचा आणि उठायचं. अनवाणी पायानं डब्याला हात लावला की मुंग्या यायच्या, त्याचंही कारण निघालं. अर्थिंगच नव्हतं! तीन पिनांचं सॉकेट, तिसरी वायर कुठंच नाही. आता अंगणात खड्डा घेऊन मीठ-कोळसा घातलाय. उन्हाळ्यात पाणी घालत राहा म्हणावं त्यांना, तुम्ही भेटाल तेव्हा.

एवढं झालं, तर बारीक किणकिण ऐकू यायला लागली. म्हणे कॉइल व्हाइन. ठोकळ्याची नव्हती, ती कार्डाची, इतके दिवस घरघरीत दबलेली. गेममध्ये फ्रेमची मर्यादा 60 वर बांधली, बरीच उतरली.

मग आत्ता हा आवाज कसला? अहो, ते पोरगं. डबा कधीच गप्प झालाय. हेडफोन लावून बसतं, स्वतःचा आवाज स्वतःला कळत नाही, आणि अर्ध्या रात्री, "मागं आहे तो, मार, मार!" आजी दोनदा काठी घेऊन दारात आल्या. परवा सुनेला म्हणाल्या, तो जुना ठोकळा परत बसव, त्यात ह्याचं ओरडणं तरी ऐकू येत नव्हतं.